शाळेची पाण्याची बाटली: स्टील, तांबं, काच की प्लास्टिक?

आबोली

शाळा सुरू व्हायच्या आत घरातल्या सगळ्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या ठरवल्यात. धाकटीची जुनी बाटली जाड, निळसर, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची आहे. आता तिच्या आतल्या बाजूला केसाएवढ्या पांढऱ्या भेगांचं जाळं झालंय. रात्रभर पाणी राहिलं तर सकाळी झाकण उघडताच वास येतो. बुडाला त्रिकोणात ७ हा आकडा आहे.

काल फोंड्याच्या बाजारात फिरले. प्रत्येक बाटलीवर काही ना काही छापलेलं आहे. कुठे 'बीपीए फ्री', कुठे 'फूड ग्रेड', कुठे पेला आणि काट्याचं चित्र. एका दुकानात विचारलं, हे स्टील कोणतं? त्यांनी लोहचुंबक लावून दाखवला आणि म्हणाले, "चिकटत नाही, म्हणजे एक नंबर माल." हे खरं आहे का?

घरची गरज सांगते. धाकटी तिसरीत, तिला साधं पाणी. थोरला फुटबॉल खेळतो, तो मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी नाहीतर कोकम सरबत नेतो. नवरा वेर्ण्याला कामाला जातो, त्याची बाटली स्कूटरच्या डिकीत उन्हात तापते. घरी नळाचं पाणी ओपाच्या पाणीप्रकल्पाचं, पण माझ्या माहेरून, बांदोड्याहून, विहिरीचं पाणीही येतं. स्वस्त-महाग नंतर बघू. आधी पोरांच्या पोटात काय जातं ते नीट कळायला हवं.

मानस

आबोलीताई, मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवतो. प्लास्टिकपुरतं सांगतो, स्टीलचं जाणकार सांगतीलच.

तुमच्या जुन्या बाटलीचं वर्णन वाचून ती पॉलिकार्बोनेटची असावी असं वाटतं. त्रिकोणातला ७ म्हणजे 'बाकी सगळी प्लास्टिकं', त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि ट्रायटन नावाचं दुसरं आरपार प्लास्टिकही. पॉलिकार्बोनेट बनवतानाच बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, वापरतात आणि त्यातलं थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. गरम पाण्याने ते फार वाढतं. २००८ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हे मोजलं होतं. उकळतं पाणी घातल्यावर बीपीए सुटण्याचा वेग १५ ते ५५ पट झाला. पुढच्या वर्षी हार्वर्डमध्ये ७७ विद्यार्थ्यांना आठवडाभर अशाच बाटल्यांतून थंड पेयं प्यायला दिली, तर त्यांच्या लघवीतलं बीपीए ६९ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. तेव्हा 'आम्ही गरम काही घालतच नाही' एवढ्याने भागत नाही.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत बरेच देश आधी जागे झाले. आपल्याकडेही दूध पाजायच्या बाटल्यांच्या मानकात २०१५ पासून पॉलिकार्बोनेट चालत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मात्रा दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी खाली. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीपासून युरोपीय संघात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदी लागू झाली, जुना माल संपवायला मुदत देऊन. एवढा मोठा बदल कोणी उगाच करत नाही. ती बाटली आजच बाजूला काढा. झाडांना पाणी घालायला ठेवा हवं तर.

आता 'बीपीए फ्री'बद्दल. हे शब्द ५ नंबरच्या बाटलीवर असतील तर त्यातून काहीच कळत नाही, कारण ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि त्यात बीपीए कधीच नव्हतं. १ नंबरच्या पेट प्लास्टिकमध्ये नाही, २ नंबरच्या एचडीपीईमध्येही नाही. कडक, आरपार दिसणाऱ्या बाटलीवर हे शब्द असतील तर पुढे विचारा की मग बीपीएऐवजी काय आहे? काही प्लास्टिकांत त्याच कुळातलं बीपीएस येतं आणि प्रयोगशाळेत तेही हार्मोनसारखंच वागताना दिसलंय. प्लास्टिकच घ्यायचं असेल तर मी ५ नंबर घेतो. दुधट रंगाचं, दाबलं की थोडं दबणारं. दिसायला साधं, पण गरमही सोसतं. आणि कुठलंही प्लास्टिक आतून खरवडलं गेलं, धुरकट झालं, की त्याचा मोह सोडायचा.

भरती_ओहोटी

सर, डिकीतल्या बाटलीचं काय? आम्ही बरेचजण दुकानातली एक लिटरची पाण्याची बाटली घेतो आणि तीच महिनोन्महिने भरत राहतो. गाडी उन्हात, बाटली गाडीत.

मानस

ती बाटली पेटची. पेट बनवताना अँटिमनी हा धातू वापरतात आणि उष्णतेने तो पाण्यात उतरतो. यावर ॲरिझोनात केलेल्या प्रयोगाचे आकडे माझ्या पाठ आहेत, कारण मी ते वर्गात सांगतो. ६० अंशांवर ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्याला अमेरिकेची मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागले. ७५ अंशांवर ४.७ दिवस. ८० अंशांवर फक्त २.३ दिवस. म्हणजे दुपारभर डिकीत तापलेलं पाणी प्यायलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण महिनोन्महिने तीच बाटली, रोज उन्हात, हे मात्र सोडा.

मला त्या बाटलीची खरी काळजी वेगळीच वाटते. तिचा गळा अरुंद असतो, ब्रश आत जात नाही. तोंड लावून प्यायल्यावर लाळ आत जाते, आणि आपल्या दमट हवेत आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो. बोट घालून बघा, लागेल हाताला. पोट बिघडतं ते बहुधा यानेच.

मायक्रोप्लास्टिकचंही आहेच. २०२४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिककण मोजले, त्यातले नव्वद टक्के नॅनो आकाराचे. त्यांचा शरीरावर नेमका परिणाम काय, यावर काम चालू आहे. पण घरचं पाणी स्टीलमधून नेता येत असताना ते कण पोटात घ्यायचे कशाला?

सुरंगी

आमच्या घरी तांब्याचीच बाटली. सासूबाई रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायच्या, सकाळी तेच प्यायचे सगळे. आता कळशीच्या जागी बाटली आली एवढंच. तांब्यात जंतू मरतात हे आपल्या लोकांना कधीचं माहीत होतं. माझं तर मत आहे की पोरांना तांब्याचीच द्यावी.

मानस

सुरंगीताई, जंतू मरतात हे अगदी खरं आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये पाण्यात मुद्दाम जंतू सोडून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. कॉलराचे, हगवणीचे जंतू त्यातून पुन्हा वाढवून दाखवता आले नाहीत आणि पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरंच आत होतं. ती मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानकात जास्तीत जास्त १.५.

पण हे सगळं साध्या पाण्याचं झालं. आंबट काही घातलं की तांबं विरघळायला लागतं. अमेरिकेच्या अन्नसंहितेत तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) ६ च्या खालच्या कुठल्याही खाद्याला उघडं तांबं लावू नये असा नियमच आहे. लिंबू आणि कोकम त्याच्या किती तरी खाली. आबोलीताईंच्या थोरल्याने कोकम सरबत तांब्याच्या बाटलीत नेलं तर मळमळ, उलटी, पोटात मुरडा होऊ शकतो.

विहिरीचं पाणीही जपून. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. ओपाच्या नळाच्या पाण्यापेक्षा ते तांबं जास्त खातं. असं पाणी तांब्यात रात्रभर ठेवायचं आणि वर दिवसभर तेच प्यायचं, हे मी लहान मुलाच्या बाबतीत करणार नाही.

कुळागर

मानस सर बरोबर सांगतायत. आमच्या सावईवेऱ्याच्या विहिरीचं पाणी चवीला गोड, पण तांब्याच्या घागरीत दोन रात्री राहिलं तर जिभेला तुरट लागतं. आमच्या घरात तांबं फक्त रात्रीपुरतं, आणि ताक, सोलकढी, आमसुलाचं पाणी यांना मातीचं, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं. कोणी पुस्तक वाचून ठरवलेलं नव्हतं. जीभ सांगायची.

सुरंगीबाय, एक विचारतो. बाटली आतून कशाने घासता? घागरीत हात जातो, चिंच नाहीतर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, साल लावून लख्ख होते. बाटलीत हात कसा जाणार?

सुरंगी

काका, तिथेच अडतं खरं. मी लिंबाचा रस आणि मीठ घालून हलवते आणि लांब दांड्याचा ब्रश फिरवते. तळाच्या कडेला हिरवं राहतं कधीकधी.

मानस

ते हिरवं म्हणजे तांब्याचा क्षार. तो राहिला तर पुढच्या पाण्यात उतरणार. लिंबू-मिठाने हलवल्यावर ते पाणी नक्की ओतून द्या, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळा. आणि टॉर्च घेऊन आत बघितल्याशिवाय पाणी भरू नका. तांब्याची बाटली घरातल्या मोठ्यांना चालेल. शाळेत नाही.

खाजन

म्हापशात आमचं भांड्यांचं दुकान, वडिलांपासून. स्टीलचं मी सांगतो, जरा लांबेल.

ताई, लोहचुंबकाची परीक्षा विसरा. बाजारात स्टील मुख्यत्वे तीन तऱ्हेचं येतं. ३०४, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून त्याला १८/८ पण म्हणतात. दुसरं २०१-२०२, त्यात निकेल निम्म्यावर आणून मँगनीज वाढवलेलं. तिसरं आम्ही जेफोर म्हणतो, त्यात निकेल एखादा टक्काच. चुंबक या तिन्हींना चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या बाटलीचा गळा यंत्रावर ओढून बारीक केलेला असतो, तिथे चुंबक किंचित धरतो. म्हणजे चुंबकाच्या भरवशावर गिऱ्हाईक चांगली बाटली नाकारतं आणि जेफोर घेऊन घरी जातं. हे मी रोज बघतो आणि मला वाईट वाटतं, कारण धंदा विश्वासावर चालतो.

मग फरक पडतो कुठे? साध्या पाण्याला २०२ सुद्धा बराच काळ टिकेल. पण मीठ आणि आंबट एकत्र आले की हलक्या स्टीलला बारीक बारीक खड्डे पडतात, टाचणीच्या टोकाएवढे, बहुधा बुडाच्या सांध्यापाशी. गंज तिथून सुरू होतो आणि धातू पेयात उतरतो. तुमच्या थोरल्याचं लिंबूपाणी म्हणजे नेमकं हेच मिश्रण. त्याला ३०४ च्या खाली जाऊ नका. ३१६ मिळालं तर उत्तमच. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला ते जास्त दाद देत नाही. समुद्रावरच्या बोटींना, खाऱ्या हवेतल्या कठड्यांना तेच वापरतात. मात्र ३१६ मध्येसुद्धा सरबत सकाळी भरून संध्याकाळपर्यंतच. आल्या आल्या धुवायचं.

ओळखायचं कसं? आम्ही माल घेताना नमुन्यावर रसायनाचा एक थेंब टाकतो आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा लावतो. काही सेकंदांत थेंब लालभडक झाला तर मँगनीजचं स्टील, म्हणजे २०० च्या घरातलं. ३०४ वर तसा लाल येत नाही. थेंबाचा डाग राहतो, म्हणून विकायच्या बाटलीवर कोणी करून दाखवणार नाही, पण दुकानदाराला 'तुम्ही टेस्ट करता का?' एवढं विचारा. उत्तर देताना तो कसा बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं.

गिऱ्हाइकाच्या हातात आहे ते आयएसआय चिन्ह. २०२३ मध्ये केंद्र सरकारने पाण्याच्या बाटल्यांसाठी आणि थर्माससाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. स्टील, तांबं, ॲल्युमिनियमच्या साध्या बाटलीला मानक आयएस १७८०३. व्हॅक्यूमवाल्या स्टीलच्या बाटलीला आयएस १७५२६. चिन्हाच्या वर हा नंबर असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचे आकडे. ते आकडे मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते लगेच दिसतं. चिन्ह आहे आणि आकडे नाहीत, तर बाटली परत ठेवा.

आणि दुपदरी बाटलीत '३०४' कुठे छापलंय ते बघा. पुष्कळदा आतली भिंत ३०४ आणि बाहेरची २०१ असते. ते चालतं, पाणी आतल्या भिंतीला लागतं. पण नुसतं खोक्यावर ३०४ आणि बाटलीवर कुठेच नाही, तर मी घेणार नाही.

आबोली

खाजनभाऊ, एवढं नीट सांगितलंत, खूप आभार. धाकटीला मग दुपदरी घेऊ की साधी? दुपदरी उचलून बघितली, भरल्यावर तिच्या दप्तराचा तोल जाईल.

खाजन

तिसरीच्या मुलीला साधी एका भिंतीची, ५०० ते ६०० मिलीची. दुपदरीत स्टील दुप्पट. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. पंचवीस किलोच्या मुलीला अडीच किलो, वह्या-पुस्तकं-डबा धरून. त्यात अर्धा लिटर पाण्याचंच अर्धा किलो. थंडगार पाण्याच्या हौसेपायी वर बाटलीचं वजन कशाला वाढवायचं? शाळेत पुन्हा भरून घेता येतं.

एका भिंतीच्या बाटलीत उकळतं पाणी भरून मुलाच्या हातात देऊ नका, एवढं फक्त. बाहेरून चटका बसतो.

पोफळ

दुपदरी बाटल्यांबद्दल मला शिशाची भीती आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा, सगळं आपटतो आणि तोंडात घालतो. अमेरिकेत काही बाटल्यांत शिसं सापडल्याचं वाचलं होतं. ते पाण्यात येतं का?

मानस

पोफळ, चांगला प्रश्न. दोन भिंतींमधली हवा काढल्यावर जे बारीक छिद्र बंद करतात ते बुडाला असतं. काही कारखाने तिथे शिसं असलेला टाका, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूचा थेंब, वापरत आले आहेत. त्यावर स्टीलची चकती किंवा टोपी बसवलेली असते, त्यामुळे पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. धोका होतो ती टोपी निखळल्यावर. २०२२ मध्ये अमेरिकेत ग्रीन स्प्राउट्स कंपनीच्या लहान मुलांच्या स्टीलच्या बाटल्या आणि पेले याच कारणाने परत मागवले होते. बूड निघालं तर आतला शिशाचा ठिपका मुलाच्या हाताला लागू शकत होता. २०२४ च्या सुरुवातीला स्टॅनली कंपनीनेही सांगितलं की त्यांच्या बुडातल्या टाक्यात शिसं असतं, वरून झाकलेलं.

शिशाला 'एवढं चालेल' अशी सुरक्षित पातळी नाही, मुलांच्या मेंदूला तर नाहीच. दीड वर्षाच्या मुलाला दुपदरी बाटलीची गरजही नाही. एका भिंतीच्या बाटलीत तो टाकाच नसतो, प्रश्न मिटला. रंगवलेली मात्र घेऊ नका, मुलं रंग दातांनी काढतात. मोठ्यांच्या थर्मासचं बूड पडून निघालं, खालची चकती सुटली, की ती बाटली घरात ठेवू नका.

भरती_ओहोटी

ॲल्युमिनियमचं कोणीच बोललं नाही. हलकी म्हणून ट्रेकला नेतो. फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या सणाच्या जत्रेत, रंगीत रंगीत मिळतात, ढीग लावलेले असतात.

खाजन

आमच्या दुकानात मी ठेवत नाही. ॲल्युमिनियम आंबटाला टिकत नाही, म्हणून आत थर द्यावा लागतो. तो थर कशाचा, ते फेरीतल्या बाटलीवर कोणी लिहीत नाही.

मानस

जोड देतो. तो थर बऱ्याचदा इपॉक्सी नावाच्या प्लास्टिकसारख्या लेपाचा असतो आणि बहुतेक इपॉक्सी बीपीएपासूनच बनतं. स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीसारख्या नावाजलेल्या कंपनीलाही २००९ मध्ये कबूल करावं लागलं होतं की त्यांच्या आधीच्या थरात अल्प बीपीए होतं. लोक प्लास्टिक नको म्हणून ॲल्युमिनियम घेत होते आणि आत तेच. म्हणून मी बाटलीच्या बाहेरच्या रूपाकडे बघतच नाही, पाण्याला नेमकं काय लागतं तेवढं विचारतो. झाकणासकट. स्टीलच्या बाटलीचं झाकण आतून प्लास्टिकचं असतं, ते ५ नंबरचं असावं. चोखायच्या नळ्या असलेली झाकणं तर अजिबात नकोत, नळी आतून कोणी धूत नाही.

आबोली

झाकणावरून आठवलं. थोरल्याच्या बाटलीच्या झाकणात काळे ठिपके येतात पावसाळ्यात. वरून कितीही घासलं तरी जात नाहीत.

सुरंगी

आबोलीताई, ते मी सांगते, माझ्या घरात चार बाटल्या रोज धुतल्या जातात. झाकणातला रबरी वायसर काढता का? बहुतेक जण काढत नाहीत. टूथपिकने नाही, चमच्याच्या मागच्या बोथट टोकाने एका बाजूने उचला, निघतो. काढल्यावर खालची खाच बघा. काळी बुरशी तिथे लपलेली असते, आणि पाणी ओतताना रोज तिच्यावरून जातं.

वायसर आणि झाकण कोमट पाण्यात, खायचा सोडा घालून, अर्धा तास ठेवा. जुन्या दातांच्या ब्रशने खाच घासा. मग व्हिनेगर लावून ठेवा थोडा वेळ. तरीही वायसरवरचे काळे ठिपके राहिले तर ते आत मुरलेत, वायसर बदला. बाटली घेतानाच विचारा की सुटा वायसर मिळतो का. मिळत नसेल तर ती बाटली वर्षभरात कचऱ्यात जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळवणं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, बंद बाटली कुठून वाळणार? रात्री धुतली की झाकण वेगळं, वायसर वेगळा, बाटली जाळीवर उपडी, खालून हवा लागेल अशी. ताटात उपडी घातली की वाफ आतच राहते. मी दोन-दोन बाटल्या ठेवल्यात प्रत्येकाला, एक वापरात आणि एक वाळत. पावसाळ्यापुरतं तरी हे करा.

खाजन

फार उपयोगी लिहिलंत. ब्लीच मात्र घालू नका कोणी. त्यातल्या क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात, ३०४ ला सुद्धा. तारेची घासणीही आत नको.

नवी बाटली आणल्यावर एक करा. स्वच्छ फडक्याला दोन थेंब खोबरेल लावून आतून आणि तोंडाच्या कडेला घासा. फडकं काळपट होतं. ते पॉलिशचं अवशेष असतं, नुसत्या साबणाने सुटत नाही. फडकं पांढरं राहीपर्यंत पुसा, मग साबणाने गरम पाण्यात धुवा. आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, पण घरी जाऊन फार थोडे करतात.

कुळागर

आमच्याकडे स्टीलच्या बाटलीत तांबूस डाग दिसतात आणि सुनेला वाटतं स्टील गंजलं. विहिरीत लोह असलं की असं होतं. खाजनबाब, ओळखायचं कसं?

खाजन

काका, लिंबाची फोड किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी पुसा. डाग गेला आणि खाली भिंत गुळगुळीत लागली तर पाण्यातलं लोह बसलं होतं, बाटली चांगली आहे. डाग गेल्यावर नखाला खड्डा लागला, किंवा चार दिवसांत त्याच जागी पुन्हा आला, तर स्टीलच खातंय. ती भंगारात द्या, भंगारवाला स्टीलचे पैसे देतो.

पोफळ

ऑफिसला काचेची चालेल का? पणजीत टेबलावरच असते दिवसभर.

कुळागर

बाय, काचेसारखं निर्मळ काही नाही. फेणी उगाच नाही आपल्या लोकांनी गर्राफांवात, मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटलीत, ठेवली, वर्षानुवर्षं राहते आणि चवीला धक्का नाही. आंबट, खारट, गरम, काचेला सगळं सारखं.

मानस

टेबलावर असेल तर नक्की काच. बोरोसिलिकेटची घ्या, एकदम गरम-थंड झाल्यावर साधी काच तडकते, ती सहसा तडकत नाही. बाहेरून सिलिकॉनचं आवरण आणि रुंद तोंड असलं की झालं. थोरल्याचं कोकम सरबत घरी उरतं तेही फ्रीजमध्ये काचेतच ठेवा, आबोलीताई. शाळेच्या दप्तरात आणि स्कूटरवर मात्र काच नको.

आबोली

यादी झाली माझी. धाकटीला साधी ३०४ ची रुंद तोंडाची, थोरल्याला ३१६ मिळाली तर तीच, नवऱ्याला दुपदरी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणारच आहे. खाजनभाऊ, नवऱ्याच्या बाटलीत कधी दुधाचा चहा नेला तर चालेल ना?

खाजन

धातूच्या दृष्टीने चालेल, ताई. पण दुधाचं काही कोमट झालं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि थर्मास ते तासन्‌तास कोमटच ठेवतो. उकळता चहा भरा, भरायच्या आधी बाटली उकळत्या पाण्याने खळबळून घ्या, आणि दोन-तीन तासांत संपवा. दुपारी उरलेला संध्याकाळी पिऊ नये. त्याच बाटलीत दुसऱ्या दिवशी पाणी न्यायचं असेल तर वायसर काढून धुतल्याशिवाय नाही, दुधाची साय त्याच्याखाली बसते. आणि ताक, नीरा, जे जे आंबत जातं ते घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये कधीच भरू नका. आत वायू साठतो आणि उघडताना झाकण तोंडावर उडतं.